ऋषीचें कूळ, नदीचें मूळ आणि चित्राचा मालक

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये असें आपल्याकडे म्हणतात. या दोहोंत आतां तिसऱ्याची भर पडलेली दिसते : जुन्या चित्राचा मालक विचारूं नये. निदान फिलिपाइन्स बेटांतील जुन्या चित्रकारांच्या कृतींचा जो व्यापार गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भरभराटीस आला आहे, त्याचा रागरंग पाहतां हा नवा नियम तेथें सर्वमान्य झाला आहे असेंच कोणासहि वाटेल. चित्र कोणाचें, लांबीरुंदी किती, आणि तें किती लक्ष पेसोंना गेलें, हें सर्व मोठ्या अक्षरांत छापतात. तें चित्र रंगविल्यापासून आजवर कोणाकोणाच्या भिंतीवर होतें, त्या भिंतीवरून खालीं कसें आलें, विकलें गेलें कीं उचललें गेलें, याविषयीं मात्र बहुधा 'युरोपांतील एका खासगी संग्रहांतून' एवढी एकच ओळ असते. या ओळीचें सरळ मराठी भाषांतर करावयाचें तर तें 'पुढें विचारूं नका' असें करावें लागेल.

आम्हांस हा नियम मान्य नाहीं, आणि तो मान्य कां नाहीं हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं या चित्रकारांचीं नांवें ऐकलेलीं नसतील; त्यांत त्यांचा दोष नाहीं. राजा रविवर्मा आपल्याकडे तैलरंगांत पुराणपुरुष रंगवीत होता त्याच काळांत हुआन लूना (१८५७-१८९९) आणि फेलिक्स रेसुर्रेक्सियोन इदाल्गो (१८५५-१९१३) हे दोन फिलिपिनो तरुण स्पेनमध्यें जाऊन राज्यकर्त्यांच्याच विद्येंत राज्यकर्त्यांस मागें टाकीत होते. १८८४ सालीं माद्रिद येथील राष्ट्रीय कलाप्रदर्शनांत लूनाच्या 'स्पोलिआरियम' या प्रचंड चित्रास सुवर्णपदक मिळालें व इदाल्गोच्या 'जमावापुढें उभ्या केलेल्या ख्रिस्ती कुमारिका' या चित्रास रौप्यपदक मिळालें. ज्या लोकांस स्पॅनिश अधिकारी व पाद्री 'इंडिओ' म्हणून हिणवीत, त्यांच्यांतील दोघांनीं हा पराक्रम करावा ही गोष्ट साधी नव्हती. त्याच वर्षीं २५ जून रोजीं माद्रिदमध्यें या दोघांच्या सत्कारार्थ मेजवानी झाली, तींत होसे रिझाल यानें भाषण केलें, आणि प्रतिभा ही कोणा एका देशाची मिरास नव्हे अशा अर्थाचे उद्गार काढले. पुढें १८९६ सालीं स्पॅनिश सरकारनें रिझालला गोळ्या घालून ठार केलें. तेव्हां तेथील लोकांच्या मनांत राष्ट्राची कहाणी या चित्रांपासून सुरू होते, आणि म्हणूनच त्यांच्या मालकीचा प्रश्न हा चार धनिकांच्या दिवाणखान्यांचा प्रश्न राहत नाहीं.

'स्पोलिआरियम'चेंच चरित्र पाहा. रोमच्या आखाड्यांत मेलेल्या मल्लांचीं प्रेतें तळघरांत ओढून नेऊन त्यांच्या अंगावरचें काढून घेतात, तो प्रसंग या चित्रांत आहे; चित्र सुमारें सव्वाचार मीटर उंच आणि साडेसात मीटरांहून अधिक लांब. पदक मिळाल्यावर तें बार्सिलोनाच्या प्रांतिक मंडळानें २०,००० पेसेटांस विकत घेतलें. स्पेनच्या यादवी युद्धांत, १९३७ सालीं, त्यास इजा पोहोंचली. पुढें तें माद्रिदला गेलें, आणि १९५८ सालीं फ्रँकोच्या सरकारनें तें फिलिपाइन्सला भेट म्हणून दिलें. आज तें मनिलेच्या राष्ट्रीय ललितकला-संग्रहालयांत आहे व २००६ पासून राष्ट्राचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झालेलें आहे. सव्वाशेंहून अधिक वर्षांचा हा प्रवास. त्यांत एक युद्ध, एक हुकूमशहा आणि एक समुद्रप्रवास. तरी प्रत्येक मुक्कामाचें नांव कोणासहि सांगतां येतें. इदाल्गोच्या 'कुमारिकां'चें नशीब इतकें चांगलें नव्हतें. मूळ चित्र स्पेनमधील वायादोलिद विद्यापीठास लागलेल्या आगींत १९३९ सालीं जळालें. परंतु जळालें हेंहि आपणांस ठाऊक आहे, आणि मनिलेंत आज जी दुसरी प्रत दिसते ती प्रत आहे हेंहि ठाऊक आहे. चित्राचा मृत्यु नोंदविलेला असला तर त्याचा तोतया उभा राहूं शकत नाहीं.

आतां याच 'स्पोलिआरियम'च्या एका लहानशा कच्च्या आराखड्याची गोष्ट घ्या. २०१८ सालीं फिलिपाइन्समध्यें झालेल्या एका लिलावांत हें छोटें तैलचित्र ७ कोटी ३५ लक्षांहून अधिक पेसोंना गेलें. लिलावापूर्वींच तें अस्सल आहे कीं नाहीं याविषयीं जाणत्यांनीं वर्तमानपत्रांतून शंका काढल्या, विक्रेत्यांनीं आपल्या बाजूचे तज्ज्ञ उभे केले, आणि बराच काळ वादविवाद रंगला. तें लूनाच्या हातचें आहे किंवा नाहीं याचा निकाल आम्ही मुंबई-पुण्यास बसून देणें हास्यास्पद होईल, व तो देण्याची आम्हांस इच्छाहि नाहीं. आमचें म्हणणें निराळेंच आहे. या सर्व वादांत कुंचल्याचा फटका, सहीचें वळण, रंगाचा थर यांवर जितकी शाई खर्च झाली त्याच्या दशांशहि 'हें चित्र १८८४ पासून २०१८ पर्यंत कोठें होतें' या साध्या प्रश्नावर खर्च झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मधलीं एकशेंचौतीस वर्षें एका घराण्याच्या सांगण्यावरून भरून काढावयाचीं आणि मग सहीकडे भिंगांतून पाहत बसावयाचें, हा उलटा कारभार आहे. आपल्याकडे दोन गुंठे जमीन घेणारा मनुष्यसुद्धां आधीं सात-बाराचा उतारा मागतो, फेरफार पाहतो, वारसांच्या सह्या तपासतो आणि मग इसाऱ्याची रक्कम काढतो. मातीचा कस त्यानंतर. सात कोटींच्या चित्राला मात्र उतारा नको, कस तेवढा पाहिजे!

यावर संग्राहकांच्या बाजूनें जें उत्तर येतें तें आम्ही ऐकून घेतलें आहे, व त्यांत तथ्य अजिबात नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. ते म्हणतात : मालकाचें नांव गुप्त ठेवण्याचें वचन दिल्याशिवाय चित्रें बाहेर येतच नाहींत, तुम्ही कागद मागत बसाल आणि चित्र माळ्यावर कुजत राहील. उदाहरणादाखल ते लूनाच्या 'हिमेन, ओ हिमेने' या चित्राकडे बोट दाखवितात. रोमन विवाहाचा देखावा असलेलें हें चित्र १८८९ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत मांडलें होतें, तेथें त्यास कांस्यपदक मिळालें, आणि त्यानंतर तें लोकांच्या दृष्टीआड झालें. पुढच्या पिढ्यांतील संग्राहक त्याला जवळजवळ दंतकथाच समजत. मनिलेंतील एक चित्रविक्रेता वर्षानुवर्षें त्याचा माग काढीत राहिला; २०१४ सालीं युरोपांतील एका घरीं त्यास तें सांपडलें, आणि २०२३ सालीं तें मकाटी येथील अयाला संग्रहालयांत सर्वांच्या दर्शनासाठीं टांगलें गेलें. या चिकाटीबद्दल त्या विक्रेत्याची जी स्तुति झाली ती योग्यच झाली. सरकारी संग्रहालयाचे दहा अधिकारी जें करूं शकले नसते तें एका मनुष्याच्या नादानें केलें; आणि असा नाद पैशावांचून व फायद्याच्या आशेवांचून चालत नाहीं हेंहि आम्ही मान्य करतों.

पण मग पुढें काय? १८८९ पासून २०१४ पर्यंतचीं सव्वाशें वर्षें तें चित्र कोणत्या घरीं होतें, लूनाच्या हातून त्या घरीं कसें गेलें, हें सांगण्यास आतां कोणती अडचण आहे? चित्र सुखरूप आहे, जुन्या मालकास पैसे मिळाले असतील, नव्या मालकास कीर्ति मिळाली. सौदा होईपर्यंत मौन पाळणें हा व्यापाऱ्याचा धर्म असेल. सौदा झाल्यावरहि तें पाळणें हा कोणाचा धर्म? लूनाचें आयुष्य तर असें कीं, त्याच्या प्रत्येक चित्राचा प्रवास हा त्याच्या चरित्राचाच तुकडा आहे. हें चित्र त्यानें लग्नाच्या सुमारास सुरू केलें. आणि त्याच पत्नीस व तिच्या आईस त्यानें १८९२ सालीं पॅरिसमध्यें गोळ्या घालून मारलें. पुढच्या वर्षीं फ्रेंच न्यायालयानें त्यास सोडून दिलें. घर मोडलें, सामान पांगलें. त्या पांगापांगींत कोणतें चित्र कोणाकडे गेलें, कोणी विकत घेतलें, कोणी सांभाळावयास ठेवलेलें परत केलें नाहीं, हें कळल्याशिवाय लूनाचें खरें चरित्र लिहितांच येणार नाहीं. खासगी मालकाच्या लाजेखातर एका राष्ट्रानें आपल्या थोर चित्रकाराचें चरित्र अर्धवट ठेवावें, ही मागणी सौजन्याची असली तरी भारी आहे.

दुसरा आक्षेप युद्धाचा. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मनिलेची लढाई झाली, तींत सुमारें एक लक्ष नागरिक मेले. इंत्रामुरोस हा तटबंदीच्या आंतला जुना मनिला जमीनदोस्त झाला. त्यांतील मोठ्या देवळांपैकीं सान अगुस्तीनचें तेवढें उभें राहिलें. जेथें माणसांची नोंद उरली नाहीं तेथें चित्रांची पावती कोठून आणावी? हा प्रश्न ऐकून मनुष्य गप्प बसतो, आणि गप्प बसवावें याचसाठीं तो पुष्कळदां विचारला जातो. कारण या आगीची सबब सांगणारीं चित्रें कांहीं सगळींच मनिलेंत नव्हतीं. आज जीं सर्वांत महाग विकलीं जातात त्यांतील कित्येक तर तेव्हां स्पेन-फ्रान्समध्यें होतीं असें त्यांचे विक्रेतेच सांगतात. त्यांचे कागद मनिलेच्या आगींत कसे जळाले? आणि जीं खरोखर मनिलेंत होतीं त्यांच्याविषयीं तर आमचें म्हणणें असें कीं, जेथें आग लागली तेथें उरलेल्या कागदाच्या चिटोऱ्यास अधिक जपावें. लढाईपूर्वीं अमक्याच्या घरीं होतें, लढाईनंतर कोठें गेलें तें कळत नाहीं, पुन्हां अमक्या सालीं दिसलें, अशी तुटक हकीकत प्रामाणिकपणें छापली तर तींत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. खिंडार उघडें दिसलें म्हणजे कोणी तरी तें बुजविण्यास पुढें येतो. एखाद्या म्हातारीस आठवण होते, एखाद्या जुन्या फोटोंत भिंतीवरचा कोपरा दिसतो. गोड गोष्टीचा गिलावा करून तेंच खिंडार झांकलें म्हणजे आंत काय शिरतें हें सांगावयास नको.

शिरतात त्या नकला. फेर्नांदो आमोर्सोलो (१८९२-१९७२) हा पुढच्या पिढीतला सर्वांत लोकप्रिय चित्रकार. सोनेरी उन्हांतलीं भाताचीं खाचरें आणि हंसऱ्या गांवकरणी त्यानें अखंड रंगविल्या, आणि राष्ट्रीय कलावंत ही पदवी मिळविणारा तो पहिला. त्याच्या चित्रांची संख्या मोठी व मागणी त्याहून मोठी. तेव्हां त्याच्या नांवावर खोटीं चित्रें किती खपलीं असतील याची कल्पना करावी. जुन्या उस्तादांच्या बाबतींत तर नक्कल करण्याचेंहि कष्ट नकोत. एकोणिसाव्या शतकांत स्पेन आणि इटली येथील कलाशाळांतून शेंकडों विद्यार्थी एकाच पद्धतीनें रोमन देखावे, मठवासी आणि नदीकांठ रंगवीत होते. अशा एखाद्या बेसही, निनांवी चित्राच्या कोपऱ्यांत 'लूना' हीं दोन अक्षरें घातलीं कीं कापड त्या काळचें, रंग त्या काळचा, पद्धति त्या काळची. खोटी काय ती सही. रसायनशास्त्रज्ञ येथें काय करणार? अशा ठिकाणीं खरें-खोटें निवडण्यास मालकीच्या साखळीइतकें दुसरें साधन नाहीं.

या साखळीच्या बऱ्याचशा कड्या चित्राच्या पाठीवर असतात. सामान्य प्रेक्षक चित्राचें तोंड पाहतो. जाणता मनुष्य तें उलटें करून पाहतो. कापड ताणणाऱ्या लांकडी चौकटीवर रंगसामान विकणाऱ्या दुकानाचा शिक्का असतो, म्हणजे तें कापड कोणत्या शहरांत विकत घेतलें तें कळतें. प्रदर्शनाची चिकटविलेली पाटी असते, तिजवर क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून छापील यादींत चित्राचें नांव सांपडतें. चौकट करणाराचा पत्ता, जकातीची मोहोर, विक्रेत्याच्या चोपडींतला खडूनें लिहिलेला आंकडा, एखाद्या आजोबांनीं पेन्सिलीनें लिहून ठेवलेलें 'हें धाकट्या मुलीस द्यावें', असें किती तरी. परंतु दुरुस्तीच्या नांवाखालीं जुन्या कापडास मागून नवें कापड चिकटवितात, जुनी चौकट मोडकी म्हणून फेंकून देतात, पाट्या घाणेरड्या म्हणून खरवडून काढतात. आणि चित्र सोनेरी चौकटींत लखलखीत होऊन, पण पोरकें होऊन, लिलावांत येतें. अज्ञानानें केलें तर ही हळहळण्याची गोष्ट आहे. जाणून केलें तर तिला दुसरें नांव आहे.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. देशाबाहेर गेलेलें प्रत्येक चित्र चोरीचें, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. तसें म्हणणाऱ्या देशभक्तांशींहि आमचें भांडण आहे. दामिआन दोमिंगो हा मनिलेंतील चित्रशाळेचा पहिला आचार्य. १८३४ च्या सुमारास तो वारला. त्यानें निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लोकांचे पेहराव रंगवून जे संग्रह तयार केले ते मुळांत परदेशी गिऱ्हाइकांसाठींच होते; त्यांतला एक रफाएल दानिएल बाबूम या व्यापाऱ्यानें करविला, आणि हा व्यापारी हिंदुस्थानाकडचा होता असें सांगतात. दोमिंगोचा असा एक संग्रह आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयांत आहे. तो तेथें आहे यांत अन्याय कोणता? त्याच्या मागून आलेला होसे होनोरातो लोझानो याचा प्रकार तर याहून मौजेचा. गिऱ्हाइकाच्या नांवाचीं अक्षरें माणसें, जनावरें, होड्या, झाडें यांनीं जुळवून रंगवावयाचीं, आणि भोंवतीं मनिलेचे देखावे काढावयाचे, या कलेंत तो पारंगत होता. म्हणजे येथें पहिल्या मालकाचें नांव हेंच चित्र! त्याच लोझानोनें १८४७ सालीं हेर्वासिओ हिरोनेल्या या स्पॅनिश अधिकाऱ्यासाठीं रंगविलेला संग्रह माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे, आणि तोहि हिरोनेल्याच्याच नांवानें ओळखला जातो. विकलेलें विकलेलेंच, तें परत मागण्याचा हक्क कोणास नाहीं. परंतु विकलेलें कोणतें, दान दिलेलें कोणतें आणि लुटलेलें कोणतें, हें वेगळें करावयाचें तर हिशेब पाहिजे. हिशेबाशिवाय केलेला आरोप आणि हिशेबाशिवाय केलेला खुलासा दोन्ही सारखेच पोकळ.

लूट झाली नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. १७६२ सालीं इंग्रजांनीं मनिला जिंकली तेव्हां शहर लुटलें गेलें व सान अगुस्तीनच्या मठांतील ग्रंथ व कागदपत्र बाहेर गेले. तें आरमार मद्रासेहून निघालें होतें आणि त्यांत आपल्याकडचे शिपाईहि होते. त्यांतले कित्येक पुढें पळून जाऊन मनिलेजवळ कैंता गांवीं स्थायिक झाले, त्यांचे वंशज अद्याप तेथें आहेत. तेव्हां या प्रकरणीं आपण अगदींच परके साक्षीदार आहों असें नाहीं. १७३४ सालच्या मुरिल्यो वेलार्दे यांच्या सुप्रसिद्ध नकाशाचे तांब्याचे ठसेहि इंग्रजांनीं त्याच वेळीं नेले असें सांगतात. या नकाशावर फ्रान्सिस्को सुआरेस आणि निकोलास दे ला क्रूस बागाय या दोन तगालोग कारागिरांनीं आपलीं नांवें अभिमानानें कोरलेलीं आहेत. त्याची एक प्रत इंग्लंडांतील एका ड्यूकच्या किल्ल्यांतून २०१४ सालीं लंडनच्या लिलावांत आली, आणि एका फिलिपिनो उद्योगपतीनें ती १,७०,५०० पौंड देऊन विकत घेतली. दक्षिण चिनी समुद्राच्या वादांत तिचा दाखला दिला गेला. अडीचशें वर्षांनंतरहि कागद बोलतो तो असा. पण तो कोणत्या कपाटांतून आला हें सांगतां आलें म्हणून.

इतकें जुनें उदाहरणहि नको असेल तर सेबू बेटांतील बोल्होऊन गांवचें घ्या. तेथील जुन्या देवळांतल्या प्रवचनपीठास संत ऑगस्टिनचीं कोरीव, रंगीत लांकडी फलकें बसविलेलीं होतीं. १९८० नंतरच्या दशकांत तीं तेथून नाहींशीं झालीं. २०२४ च्या फेब्रुवारींत राष्ट्रीय संग्रहालयानें मोठ्या आनंदानें जाहीर केलें कीं, त्यांतील चार फलकें एका संग्राहक दांपत्यानें राष्ट्रास दान दिलीं आहेत. आनंद फार दिवस टिकला नाहीं. सेबूच्या आर्चबिशपांनीं सांगितलें कीं, तीं फलकें धर्मपीठाच्या परवानगीवांचून नेलेलीं आहेत व तीं परत मिळालीं पाहिजेत. गांवकरी व प्रांतिक सरकार त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. दान देणारांनीं पैसे मोजून घेतलें, भक्तीनें सांभाळलें आणि शेवटीं राष्ट्रास दिलें. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु जें आपलें नव्हतें तें दान कसें देतां येतें, आणि राष्ट्रीय संग्रहालयासारख्या संस्थेनें तें स्वीकारण्यापूर्वीं 'हें देवळांतून कसें निघालें' एवढा प्रश्न कां विचारूं नये? येथें तर कूळ आणि मूळ दोन्ही गांवांतल्या लहान पोरासहि ठाऊक होतीं. विचारणाराच नव्हता.

सरकारी पैशाचा विषय निघालाच आहे तर २००२ सालची खरेदीहि सांगितली पाहिजे. सरकारी नोकरांच्या विम्याचा व पेन्शनचा कारभार पाहणाऱ्या संस्थेनें लूनाचें 'पॅरिसचें जीवन' हें १८९२ चें चित्र हाँगकाँगच्या लिलावांत सुमारें साडेचार कोटी पेसो देऊन विकत घेतलें. शाळामास्तरांच्या व कारकुनांच्या तिजोरींतून कॉफीगृहांत बसलेली एक पॅरिसची बाई विकत घेतली म्हणून देशांत गहजब झाला. आमचें मत त्या गहजबाच्या बाजूचें नाहीं. चित्र देशांत आलें, पुढें राष्ट्रीय संग्रहालयांत सर्वांस पाहावयास मिळालें, आणि आजच्या भावांत ती खरेदी स्वस्तच ठरेल. परंतु त्या वेळीं वाद झाला तो किंमत किती यावर. देशाबाहेर तें गेलें कसें यावर फारच थोडा. पेन्शनीच्या पैशांनीं घेतलेल्या चित्राचा मालकी-इतिहास पेन्शनदारांपुढें ठेवावयास नको होता काय?

आणि हें काम अशक्य आहे असें कोणी म्हणेल तर त्यानें मार्कोस घराण्याच्या चित्रांकडे पाहावें. १९८६ सालीं मार्कोस पळाल्यावर त्यांनीं जमविलेल्या युरोपीय चित्रांपैकीं पुष्कळशीं १९९१ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें लिलावानें विकण्यांत आलीं. जीं सांपडलीं नव्हतीं त्यांत क्लोद मोनेच्या कमळांच्या तळ्याचें एक चित्र होतें. तें २०१० सालीं ३ कोटी २० लक्ष डॉलरांना गुपचुप विकलें गेलें. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनीं त्याचा माग काढला, आणि इमेल्दा मार्कोस यांच्या माजी चिटणीसबाईंस २०१३ सालीं न्यायालयानें दोषी ठरविलें. म्हणजे फ्रेंच चित्रकाराच्या कमळांचा पाठलाग समुद्रापार करतां येतो, कारण त्यांचे कागद कोणीतरी सांभाळले आहेत. लूना, इदाल्गो, सिमोन फ्लोरेस, हुस्तिनिआनो असुन्सिओन यांच्या कृतींविषयीं तितकी आस्था त्यांच्याच देशांत नसावी, ही गोष्ट त्या देशाच्या धनिकांनीं स्वतःशीं विचार करण्यासारखी आहे; कारण याच चित्रांवर ते आपल्या देशप्रेमाचीं भाषणें करीत असतात.

कायदा नाहीं असेंहि नाहीं. २०१० सालीं तेथें राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा कायदा झाला व २०२३ सालीं त्यांत सुधारणा झाली. महत्त्वाच्या वस्तु परदेशीं नेण्यास परवानगी लागते, आणि सांस्कृतिक मालमत्तेची राष्ट्रीय नोंदवही ठेवावी असेंहि कायदा सांगतो. आपल्याकडेहि १९७२ च्या कायद्यान्वयें रविवर्म्याचीं चित्रें देशाबाहेर नेतां येत नाहींत. पण दरवाजास कुलूप लावणें निराळें आणि घरांत काय आहे याची यादी करणें निराळें. कुलपानें बाहेर जाणारी वस्तु अडते. ती आंत कशी आली हें कुलूप सांगत नाहीं. उलट बंदी कडक झाली कीं खासगी मालक नोंदणीस भितो, चित्र लपवितो, आणि विकलेंच तर तोंडी विकतो. म्हणून नोंदणीस करांत कांहीं सवलत द्यावी, प्रामाणिकपणें नोंदविणाऱ्यास चौकशीचा ससेमिरा लावूं नये, ही संग्राहकांची मागणी आम्हांस रास्त वाटते, आणि ती मान्य झाली तर त्यांची गुप्ततेची मुख्य सबबहि उरणार नाहीं.

त्यांच्याकडून आमची अपेक्षा फार नाहीं. लिलावाच्या यादींत विक्रेत्याचें आजचें नांव न छापलें तरी चालेल. पण मागील मालकांचीं नांवें व सालें, ज्या काळाचा पत्ता लागत नाहीं तो काळ, आणि चित्राच्या पाठीचा एक फोटो, एवढें छापावें. फाळणी, वाटणी, दिवाळें, दान, जें कांहीं कारण असेल तें एका शब्दांत द्यावें. चित्र दुरुस्तीस दिलें तर खरवडलेल्या पाट्यांचे फोटो आधीं काढून ठेवावे व ते पुढील मालकास द्यावे. आणि देवळांतली वस्तु असेल तर त्या धर्मपीठाचें पत्र हातीं आल्याखेरीज ती मांडूंच नये. इतकें करणारें एखादें दुकान निघालें तर पहिल्या वर्षीं त्याचीं गिऱ्हाइकें कमी होतील हें आम्हांस ठाऊक आहे. जीं चित्रें तेथें येणार नाहींत तीं कां येत नाहींत, हें मात्र त्याच वर्षीं सर्वांस कळूं लागेल.